जर्मन पुढाऱ्याची तसबीर

साहेबरावांनी तसबिरीकडं न बघताच तिला हार घातला. नजर कॅमेऱ्यावर होती. मग हात जोडून मान झुकवली, आणि तशाच झुकल्या मानेनं कॅमेरावाल्याला डोळ्यांनी विचारलं, आला का?

बुद्धभूषणला शिसारी आली. पडेगावच्या या वाचनालयाचा तो ग्रंथपाल. परवा या खोल्या पाडून इथं साहेबरावांच्या मेव्हण्याचं मंगल कार्यालय उठणार होतं. जागेचा ठराव नगरसेवक साहेबरावांनीच रेटून नेला होता. आणि वाचनालयातल्या शेवटच्या व्याख्यानाला अध्यक्ष म्हणून हाच माणूस हवा, असा रत्नमाला मॅडमचा हट्ट.

मॅडम कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. साहेबराव त्यांचाच विद्यार्थी. त्याचा ते भाषणात आवर्जून उल्लेख करत. व्याख्यान एका जर्मन पुढाऱ्यावर होतं, आणि त्यासाठी मॅडमनी घरून तसबीर आणली होती. जुना कृष्णधवल फोटो. डोक्यावर काळी हॅट, गळ्याशी बो, तोंड अर्धं झाकणारी झुबकेदार मिशी.

"मॅडम, हा तर नालायक माणूस व्हता म्हणता," बुद्धभूषण कुजबुजला. "मग हार कशाला?"

"स्टेजवर तसबीर दिसली की आपली माणसं हार घालणारच. घालू दे."

त्या बोलायला उभ्या राहिल्या.

एमिल होर्स्टमान. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीतल्या एका प्रांताचा पुढारी. विणकराचं पोर. मजुरांच्या वाचनालयात बसून शिकला, मजुरांच्याच मतांवर प्रांताच्या विधिमंडळात गेला. मग त्यानं पक्ष बदलला. मग आणखी एकदा बदलला. दर वेळी सांगायचा, लोकांची कामं व्हावीत म्हणून गेलो.

मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. बुद्धभूषणनं अध्यक्षांच्या तोंडाकडं पाहिलं. आता तरी चेहरा उतरेल. साहेबराव मन लावून मान डोलवत होते.

"नाझी सत्तेवर आले, तेव्हा वाचनालयाची किल्ली यानंच नेऊन दिली," मॅडम म्हणाल्या. "चौकात पुस्तकं जळत होती. म्हातारा ग्रंथपाल लाथा खात होता. आणि हा शेजारी उभा राहून नव्या साहेबांना सांगत होता, हे माझे गुरुजी."

साहेबराव ताडकन उठले आणि त्यांनी माईक ओढून घेतला.

"थू असल्या अवलादीवर! ज्या जागेनं शानं केलं, तिच्याच मुळावर उठला? असला गद्दार आपल्याकडं असता तर आपुन काय केलं असतं?"

"जोडे मारले असते!" कार्यकर्ते ओरडले.

"मग वाट कुणाची बघता?"

साहेबरावांनी पायातला जोडा काढला आणि हारासकट तसबिरीवर हाणला. काच तडकली. कार्यकर्ते धावून आले आणि त्यांनी एकच धुमाकूळ घातला. या वेळीही साहेबरावांची नजर कॅमेऱ्यावरच होती.

"घेतलं का रे? टाक सगळीकडं. लिही, गद्दाराला साहेबरावांचा जोडा."

गाड्या धुरळा उडवत गेल्या. बुद्धभूषण काचा गोळा करायला बसला. एवढं ऐकून माणसाला काहीच लागू नये? कातडी आहे की काय आहे?

"निगरगट्टपणाची हद्द झाली, मॅडम. त्याला वाटलं, आपल्यालाच मिरवायला बोलावलंय. आता परवा जेसीबी येनार म्हंजी येनार."

"नाही येणार." मॅडम मोबाईलवर व्हिडिओ बघत होत्या. तो एव्हाना गुलमंडीपासून फुलंब्रीपर्यंत पोचला होता. "मी सकाळी त्याला फोन करणार आहे. खोल्या राहिल्या, तर लोकांच्या लेखी हा फोटो जर्मनाचाच राहील."

"म्हंजी? हा होर्स्टमान नाय?"

"त्याचा फोटो मला कुठं मिळायला?" मॅडमनी पदरानं तसबिरीवरची माती पुसली. "हा आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगमधला. नाटकात वकिलाचं काम होतं. साहेबरावाला ही मिशी मीच चिकटवली होती."