नाव नको

क्वोन थेसिकने बनवलेल्या नव्या कॉम्प्युटर खेळात राक्षसांशी लढणाऱ्या प्रत्येक शिपायाला नाव होतं, गाव होतं आणि निघताना शिदोरी बांधून देणारी आई होती. दक्षिण कोरियातल्या पांग्यो शहरातल्या ऑफिसात त्याने निवडक खेळाडूंना तो खेळायला बसवलं. पाळी आली की सगळ्यांचे हात आखडायचे. शिपाई पुढे सरकवायला कुणी धजेना.

"अरे, तुम्हाला हवंय तरी काय?" थेसिक वैतागला.

"नावं काढा हो, साहेब," एक जण म्हणाला. "मरायला पाठवायचं आणि वर त्याचं नाव वाचायचं? मजाच जाते सगळी. नुसते नंबर द्या."

थेसिकला पटलं. एका दुपारी त्याने चारशे नावं पुसून टाकली. मग खेळाडू बिनदिक्कत नंबरामागून नंबर पुढे ढकलू लागले आणि खेळ धडाक्यात खपला.

वसंतात त्याचा एकुलता एक मुलगा सक्तीच्या लष्करी भरतीत गेला. पहिल्या रविवारी छावणीतून फोन आला.

"हानगिल? जेवलास का रे?"

पलीकडे कुणीतरी दरडावलं. मग पोराचा खणखणीत आवाज आला.

"एकशे सत्तावीस नंबर बोलतोय, बाबा."