नव्या चपला

बाबांनी कॉटवर बसूनच नव्या चपला पायात घालून पाहिल्या. मला विमानतळावर सोडायला त्यांना स्वतः यायचं होतं.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गासाठी मी अकरावीत अर्ज केला होता. आज निवड झाल्याची मेल आली. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे मे महिना, आणि डॉक्टरांनी बाबांची मेपर्यंतचीच आशा दिली होती.

मेल मोठ्यानं वाचता वाचता मी तारखेपाशी थांबले.

"काय गं?"

"बाबा, त्यांचा उन्हाळा जुलैत असतो."

आईनं तोंड फिरवलं. बाबा मात्र हसले. "एवढंच ना? थांबतो की मग जुलैपर्यंत!"

थोड्या वेळानं त्यांनी चपला काढून पुसल्या आणि हळूच आईला विचारलं, "खोकं ठेवलंयस ना गं? दुकानदार अजून परत घेईल."