पाठमोरे अण्णा

"अहो, याच्यात चेहरा कुठाय?" फ्रेमवाल्या शिरगुप्प्यांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला. उद्या अण्णांचं तेरावं होतं. हार घालायला फोटो हवा होता.

मी एकेक फोटो पुढे सरकवत राहिलो. सुईत दोरा ओवणारे अण्णांचे हात. कापडावर खडूची रेघ मारणारे हात. शिलाई मशीनवर वाकलेली पाठ. सात वर्षांत मी वडिलांचे सोळाशे फोटो काढले आणि इंटरनेटवर फोटो विकणाऱ्या एका कंपनीला पाठवले. तिथला नियम साधा आहे. चेहरा ओळखू आला, तर त्या माणसाच्या सहीचं संमतिपत्र जोडावं लागतं. दर वेळी तो कागद कोण भरणार, म्हणून मी चेहराच टाळत गेलो.

"तुम्ही फोटोग्राफर ना?" शिरगुप्पे म्हणाले.

"हो."

"मग आधार कार्डावरचाच मोठा करू. जरा धूसर येईल."

"चालेल."

तेवढ्यात कंपनीचा मेल आला. मागच्या महिन्यात पाठवलेला फोटो मंजूर झाला होता. खिडकीपाशी उभे असलेले अण्णा, पाठमोरे.

तो काढताना ते मधेच माझ्याकडे वळले होते. मी म्हणालो होतो, "अण्णा, तोंड तिकडे करा." त्यांनी ऐकलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "आता बघू का इकडे?"

"बघा, झालं," मी म्हणालो आणि लेन्सला झाकण लावलं.