जावयाच्या दातांचा साचा

रुग्ण वारला की त्याच्या दातांचा साचा फोडायचा, तोवर जपायचा, हा आमच्या दातांच्या दवाखान्यातला नियम डॉक्टरांचाच. ते मंत्री झाले, तरी साचे मीच सांभाळत राहिलो. कारखान्याच्या आगीत जळालेला देह माझ्या जावयाचा आहे का, हे आज त्यांनी सांगायचं होतं. मालक म्हणत होता, तो कामावर नव्हताच, बायकोला टाकून पळाला. "काय काका, तुमचे दात शाबूत ना?" मालकाच्याच गाडीतून उतरत डॉक्टर हसले. त्यांनी जावयाचा साचा त्या देहाच्या जबड्याच्या फोटोशी ताडला. वाकड्या सुळ्यावर अंगठा थबकला. "जुळत नाही," ते इन्स्पेक्टरना म्हणाले. बाकावरच्या माझ्या मुलीने मान खाली घातली. मला वाटलं, माझ्याच म्हाताऱ्या डोळ्यांना सुळा सारखा दिसला असेल. निघताना डॉक्टरांनी जुन्या सवयीने साचा माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, "काका, आता हा फोडून टाका."