गाडीची राखण

ताडकळसच्या बाजारात योगीराज मोटारसायकल कधी नुसत्या कुलपावर सोडत नसे. चाकात साखळी घालायचा आणि वर बायकोलाही बसवून जायचा. आजही रेणुका दोन वर्षांच्या पिंकीला मांडीवर घेऊन सीटवर बसली होती आणि तो भाजीला गेला होता.

एक म्हातारा गाडीभोवती दोनदा फिरून गेला. तिसऱ्यांदा तो वाकून मागचं चाक बघू लागला. रेणुकाने लेकीला घट्ट धरून नवऱ्याला फोन लावला.

"अहो, लवकर या. एकजण गाडीवर डोळा ठेवून हाय."

"खाली उतरू नको. आलोच."

म्हातारा हलला नाही. उलट हात जोडून म्हणाला, "भिऊ नको माय. मागच्या मडगार्डला आतून हात लावून बघ, वेल्डिंगची गाठ लागंल. मीच करून घेतली व्हती. दोन सालाखाली परभणीला दवाखान्यासमोरून गेली माझी गाडी."

रेणुकाने हात घातला. गाठ होती.

"आमी इकत घेतलीय, काका," ती घाईने म्हणाली. "कागदं ह्यांच्याकडं हायत."

"मग येऊ दे की त्यांना."

तेवढ्यात गर्दीतून योगीराज येताना दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने हात केला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग म्हाताऱ्याचं तोंड बघितलं, आणि भाजीची पिशवी तिथंच टाकून आल्या वाटेनं माघारी फिरला. पिंकीने "पप्पा, पप्पा" म्हणून हाका मारल्या, तरी त्याने वळून बघितलं नाही.