काकांचे लाड

सोडवून आणलेल्या घोड्यांच्या आश्रमात आजचा दिवस मरण पावलेल्या घोड्यांच्या आठवणींचा होता. त्यांना सांभाळणारे काका आम्हा शाळेतल्या मुलींना सांगत होते, लंगडा नवाब किती हट्टी, चांदणी किती खादाड! आम्ही हसून लोटपोट. इतक्यात कुरणातले घोडे एकेक करून काकांपाशी येऊ लागले. प्रत्येकाने त्यांना डोक्यापासून बुटांपर्यंत हुंगलं, क्षणभर मान खाली घातली आणि मग तो परत चरायला गेला.

“काय काका, आज फारच लाड चाललेत तुमचे!” मी म्हणाले.

काका हसले नाहीत. “लाड नव्हेत, पोरी. नवाब मेला तेव्हा सगळे असेच त्याला हुंगून गेले होते. चांदणीलाही. मेलेल्याचा ते असाच निरोप घेतात.”

“पण तुम्ही तर चांगले धडधाकट आहात!”

“हो ना,” काका म्हणाले. त्यांनी कुरणाकडे पाहिलं.

आता फक्त म्हातारी पांढरी घोडी यायची राहिली होती. ती निघालीच. मी हात पसरून काकांच्या पुढ्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, कशी पुढे जाते तेच बघते!

घोडी थांबली. तिने मला हुंगलं आणि शांतपणे मान खाली घातली.