घरचं पॅनेल

"बसू का, असं विचारलंच नाहीस," लेक म्हणाली. "पुन्हा बाहेर जा आणि आत ये."

सिस्टर, म्हणजे तिची आई, उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दारावर टकटक करून परत आल्या. ही चौथी वेळ.

जेवणाचं टेबल आडवं ओढून पलीकडे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून लेक. वर्षभरात अकरा मुलाखतींत हात हलवत परत येऊन बाराव्या वेळी तिने नोकरी पटकावली होती, त्यामुळे या विषयात घरात शेवटचा शब्द तिचा. डावीकडे सिस्टरांचा नवरा, आजच्यापुरता वैद्यकीय अधीक्षक. जन्मभर लोकांचे वीजमीटर वाचलेला हा माणूस आज चष्मा नाकाच्या टोकावर आणून बसला होता. उजवीकडे सासूबाई, बाहेरून आलेल्या तज्ज्ञ. तीस वर्षं बायकांना शिवणकाम शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मला पॅनेलवर घेतलं नाही तर आज कुणाशी बोलणार नाही, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

मुलाखत गुरुवारी होती. परिचारिका विद्यालयात शिकवायची जागा, आणि तीही एकच. सिस्टरांना एक्कावन्न पूर्ण झालेली. पुढच्या वर्षी अर्जसुद्धा करता आला नसता. मागच्या खेपेला पाच जणांपुढे त्यांची दातखीळच बसली होती. ज्यांच्या एका हाकेवर चोवीस वर्षं अख्खा बाळंतपणाचा वॉर्ड हलायचा, त्या स्वतःचं नाव सांगून ज्या गप्प झाल्या, त्या झाल्याच.

"स्वतःबद्दल थोडक्यात सांगा," अध्यक्ष म्हणाल्या.

"मी कर्तव्यदक्ष, मेहनती आणि..." पुढचा शब्द पाठ होता. आता कुठे गेला कोण जाणे. "आणि..."

"सेवाभावी," नवऱ्याने हळूच पुरवलं.

"बाबा! पॅनेल कॉपी पुरवत नाही."

"अगं, बुडणाऱ्याकडे नुसतं बघत बसू का?" त्याने घसा खाकरला आणि अधीक्षकांचा आवाज काढला. "बरं मॅडम, तुमचा एखादा दोष सांगा."

"तो मी सांगते," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं ऐकते."

सगळे हसले. सिस्टरही हसल्या. तिसरा प्रश्न झाला, चौथा झाला. प्रत्येक उत्तर लेकीने लिहून दिलेल्या चार पानांतलं, आणि प्रत्येक उत्तर अर्ध्या वाटेत अडकलेलं.

"नको गं," शेवटी त्या म्हणाल्या. "शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखं होतंय मला. घेतील दुसऱ्या कुणाला तरी. माझा वॉर्ड बरा."

लेक उगाच पानं उलटत राहिली.

"माझा प्रश्न राहिला," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, जरा थांब ना."

"तज्ज्ञांना थांबवत नसतात." त्या खुर्चीत पुढे सरकल्या. आवाज एकदम बारीक झाला. "सिस्टर, मी नवीन आहे. आज पहिल्यांदाच सुई टोचायची आहे मला. पेशंट वाट बघतोय आणि माझे हात कापताहेत. मी काय करू?"

हे चार पानांत कुठेच नव्हतं. सिस्टर उठल्या. कुणाला काही विचारलं नाही. टेबलाला वळसा घालून त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला.

"कापू दे. माझा पहिला महिनाभर कापत होता. हात कापला म्हणून पेशंटचं वाईट होत नाही, घाई केली की होतं." त्यांनी मान वळवली. "अहो, इकडे या. बाही वर करा."

वॉर्डातला आवाज होता तो. अधीक्षक निमूटपणे उठून आले.

"मनगट त्याच्या हातावर टेकव. हं. आता कापतंय?"

"नाही गं," सासूबाई नवलाने म्हणाल्या.

"आता शीर शोध. डोळ्यांनी नको, बोटाने. नुसती दिसते ती फसवते, बोटाला लागते ती खरी. दाबलीस की दबायला हवी आणि सोडलीस की परत वर यायला हवी."

"ही?"

"तो स्नायू. थोडं खाली ये. आणि नाही जमलं तर दोनदाच प्रयत्न करायचा. तिसऱ्यांदा मला हाक मार. त्यात लाज कसली? मीही मारायचे."

सव्वीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदाच सासूबाईंना 'अगं तुगं' करत होत्या, आणि ते दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. लेकीच्या आलं होतं. तिने चार पानांची घडी घातली आणि हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसली. उत्तराला दोन मिनिटं, असा नियम तिनेच केला होता. दहा मिनिटं होऊन गेली होती.

"सापडली!" सासूबाईंनी टेबलावरचं पेन उचललं. "टोचू?"

"थांब. एक राहिलं."

"आता काय?"

"पेशंटचा चेहरा बघ."

सासूबाईंनी मान वर केली. त्यांचा पंचावन्न वर्षांचा मुलगा तोंड फिरवून, डोळे गच्च मिटून उभा होता.

"अगं, हा तर खरंच घाबरलाय!"

"मग सुई खाली ठेव," सिस्टर म्हणाल्या, "आणि आधी त्याच्याशी बोल."